पथकराची माफी आणि वेळेची माफी



आजच्या भाषणाचा विषय आपणांपैकीं कांहींना जरा रुक्ष वाटेल. पथकराच्या नाक्यावर, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेंत टोलनाक्यावर, कोणत्या वाहनांना पैसे माफ असावेत, हा वरवर पाहतां सरकारी हिशेबनिसाचा प्रश्न आहे. परंतु ज्या घरांतील माणूस एकदां तरी रुग्णवाहिकेंतून मोठ्या शहरांतील इस्पितळाकडे निघाला असेल, त्या घराला तो रुक्ष वाटणार नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर, नाशिकच्या रस्त्यावर, कोल्हापूरच्या रस्त्यावर रोगी घेऊन धांवणारी गाडी वाटेंत नाक्यापुढें येतेच. तिनें पैसे द्यावयाचे नाहींत, हें कायद्यानें ठरलेलें आहे. मग अडचण कोठें उरते, एवढेंच आज आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम पथकराविषयीं दोन शब्द. पथकर म्हणजे जुलूम, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती सर्वस्वी खरी नाहीं. रस्ता बांधण्यास पैसा लागतो. तो ज्याला रस्त्याचा उपयोग होतो त्यानें द्यावा, या तत्त्वांत अन्याय कांहीं नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. माफी दिल्यानें खर्च नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाला तरी सोसावा लागतो. मुंबईंत माहीम आणि वांद्रें यांना जोडणारा बांध १८४५ सालीं पुरा झाला. त्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं १,५७,००० रुपये दिले आणि अट अशी घातली कीं, त्या बांधावरून जाणाऱ्या कोणाकडूनहि सरकारनें कर घेऊं नये. सर्व मुंबईकरांना माफी मिळाली खरी; पण ती मिळाली याचें कारण, त्या थोर बाईंनीं सर्वांच्या वतीनें आधींच मोठा भार उचलला होता. असे दाते वारंवार भेटत नाहींत. म्हणून कोणाला माफी द्यावी आणि कां द्यावी, याचा विचार नीट करावा लागतो.

अशा माफीचे तीन प्रकार मला दिसतात. पहिली मानाची माफी. राष्ट्रपति, राज्यपाल, मंत्री, वरिष्ठ न्यायाधीश इत्यादिकांच्या गाड्यांना ती मिळते. दुसरी सोयीची माफी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांचहि प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला, ती या प्रकारची. तिसरी कर्तव्याची माफी. रुग्णवाहिका, आगीचा बंब, कामावर निघालेली पोलिसांची गाडी यांना जी मिळते ती.

हे तीन प्रकार एकाच यादींत छापले जातात म्हणून आपण त्यांना एकच समजतों. आणि घोटाळा तेथेंच होतो. मानाच्या माफीनें अधिकाराचा गौरव होतो. सोयीच्या माफीनें खिशाचा भार हलका होतो. कर्तव्याच्या माफींत या दोहोंपैकीं कांहींच साधावयाचें नसतें. आगीच्या बंबाचा मान राखावयाचा आहे असें नव्हे, आणि शंभर-दोनशें रुपयांवांचून रुग्णवाहिकेचें अडून बसतें असेंहि नव्हे. तिला खरोखर जें हवें असतें तें नाण्यांत मोजतां येत नाहीं. तिला वेळ हवा असतो. पैसे न घेणें हें केवळ साधन आहे. न थांबविणें हें साध्य आहे.

ही गोष्ट जुन्या काळच्या लोकांना चांगली समजत होती. इंग्लंडांत १७८४ सालीं टपालाच्या घोडागाड्या सुरू झाल्या. त्या काळीं तेथील रस्तोरस्तीं पथकराचीं फाटकें होतीं. टपालाच्या गाडीला कर माफ झाला. पण कायदा तेवढ्यावर थांबला नाहीं. गाडीच्या मागें बसलेला रक्षक दुरूनच शिंग फुंकीत असे, आणि गाडी पोंचण्यापूर्वीं फाटक सताड उघडें ठेवणें हें नाकेदाराचें काम असे. त्याच्यामुळें गाडीचा खोळंबा झाला तर त्याला चाळीस शिलिंग दंड होई. म्हणजे गाडीनें पैसे द्यावयाचे नाहींत इतकेंच नव्हे, तर फाटकवाल्यानें तिची वाट आधींच मोकळी करावयाची, असें हें दुहेरी बंधन होतें. माफीचा पहिला अर्धा भाग गाडीच्या बाजूचा, दुसरा नाक्याच्या बाजूचा.

त्याच इतिहासाला दुसरी बाजूहि आहे. स्कॉटलंडमध्यें रस्त्यांच्या चालकांनीं तक्रार केली कीं, टपालगाड्या आमचे रस्ते झिजवितात आणि आम्हांला कांहींच मिळत नाहीं. १८१३ सालीं तेथील माफी रद्द झाली, आणि तो खर्च भरून काढण्यासाठीं अशा गाडीनें जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर अर्धा पेनी जादा आकार बसला. कर कोणी द्यावा, हा प्रश्न अशा रीतीनें हिशेबाच्या वहींत सुटूं शकला. परंतु फाटक केव्हां उघडावें, हा प्रश्न कोणत्याहि वहींत सुटत नाहीं. तो त्या क्षणीं फाटकावरच सुटावा लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८५१ चा पथकराचा कायदा हा आपल्याकडील या विषयाचा एक जुना कायदा. त्यानें कामगिरीवर असलेल्या पोलीस अधिकाऱ्याला, आणि त्याच्या ताब्यांतील माणसाला वा मालाला, कर माफ केला. पुढें १९०१ सालीं सैन्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. १८५१ च्या कायद्यांतील ‘कामगिरीवर असलेला’ ही अट फार मोलाची आहे. माफी माणसाला नव्हे, त्याच्या पदालाहि नव्हे, तर त्या घटकेला तो जें काम करीत आहे त्या कामाला आहे, असा तिचा अर्थ.

सध्यां राष्ट्रीय महामार्गांवर २००८ सालचे शुल्काचे नियम लागू आहेत. त्यांतील अकरावा नियम माफीचा आहे. यादीच्या आरंभीं राष्ट्रपतींपासून निघणारी मान्यवरांची मोठी मालिका आहे. त्यानंतर संरक्षण खातें, गणवेशांतील पोलीस व निमलष्करी दळें, अग्निशमन खातें यांचीं सरकारी कामावरील वाहनें आहेत. त्यानंतर ‘रुग्णवाहिका म्हणून वापरलें जाणारें’ वाहन, आणि मग शववाहिका. यादींतील क्रमाला कायद्याच्या दृष्टीनें महत्त्व नाहीं, हें मी जाणतों. तरीहि वाचतांना मनांत येतें कीं, ज्याला एक मिनिट थांबल्यानें जीव गमवावा लागेल त्याचें नांव इतक्या खालीं यावें, यांत आपल्या मनाची ठेवण थोडीशी दिसून येते. मात्र नियमाचे शब्द चांगले आहेत. गाडी सरकारी कीं खासगी, धर्मादाय संस्थेची कीं इस्पितळाची, हा भेद त्यांत नाहीं. ती रुग्णवाहिका म्हणून वापरली जात असली म्हणजे झालें.

महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिकांची सेवा ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. खेड्यापाड्यांतून तालुक्याकडे व तालुक्यांतून शहराकडे रोगी नेण्याची सोय त्यामुळें पुष्कळ वाढली. जितकें हें दळणवळण वाढेल, तितकी नाक्यावरील मिनिटांची किंमतहि वाढेल.

ही किंमत किती असते? अपघातानंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकशास्त्रांत सुवर्ण-तास म्हणतात. याच वेळांत उपचार झाले तर प्राण वांचण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. ही कल्पना २०१९ सालच्या दुरुस्तीनें आपल्या मोटारवाहन कायद्यांतहि व्याख्या करून घातली गेली आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली असतां दर मिनिटाला सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असें गणित २००६ सालीं प्रसिद्ध झालें. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब देऊन आधार मिळाला नाहीं, तर त्याच्या जगण्याची शक्यता दर मिनिटाला शेंकडा सात ते दहांनीं घटते. आगीचें तर सांगावयासच नको. पहिल्या मिनिटाला जी बादलीभर पाण्यानें विझते, तिला कांहीं वेळानें बंबहि पुरे पडत नाहींत.

आतां कोणी म्हणेल, ‘नाक्यावर वेळ लागतोच कुठें? आतां तर यंत्र आलें आहे.’ खरें आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर सर्व चारचाकी वाहनांना फास्टॅगची पट्टी लावणें सक्तीचें झालें. सुटें पैसे मोजण्याचा व पावती फाडण्याचा वेळ त्यामुळें वांचला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत महामार्ग प्राधिकरणानें काढलेल्या सूचनेंत, गर्दीच्या वेळींहि एका वाहनाला नाक्यावर दहा सेकंदांहून अधिक वेळ लागूं नये, आणि रांग शंभर मीटरांहून लांब होऊं नये, असें म्हटलें होतें. ज्यांना माफी आहे त्यांच्यासाठींहि वेगळी पट्टी असते. यंत्र ती वाचतें, शून्य रुपये मांडतें आणि दांडा उचलतें.

परंतु येथेंच त्या दुहेरी बंधनाची आठवण ठेवली पाहिजे. दहा सेकंद हे खिडकीसमोरचे. खिडकीपर्यंत पोंचावयास रांगेंतून यावें लागतें. पुढें वीस मोटारी आणि चार मालमोटारी उभ्या असल्या, तर रुग्णवाहिकेची माफी त्या रांगेच्या शेवटीं निरुपयोगी होऊन पडते. माफीचा हक्क खिडकीशीं सुरू होतो. खोळंबा त्याच्या फार आधीं सुरू झालेला असतो. म्हणून नाक्याच्या एका कडेला आपत्कालीन वाहनांची मार्गिका असते. ती खरोखर मोकळी असली तरच माफीला अर्थ आहे. आणि ती अडविणारा नाकेदार नसतो. पुष्कळदां आपणच असतों. रांग चुकवून चार गाड्यांच्या पुढें जावें, या हिशेबानें त्या मार्गिकेंत शिरणारी मोटार एखाद्या शिकल्यासवरल्या गृहस्थाचीच असते. रुग्णवाहिकेला वा बंबाला वाट न देणें हा कायद्यानें गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण दंडाच्या भीतीनें दिलेली वाट नेहमींच जरा उशिरा मिळते.

मोकळ्या वाटेचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो फार दुःखद रीतीनें आपल्यापुढें आलेला आहे. २० जुलै २०२२ रोजीं कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, उडुपी जिल्ह्यांतील बैंदूरजवळच्या शिरूर येथील नाक्यावर, रोगी घेऊन भरधांव येणारी एक रुग्णवाहिका ओल्या रस्त्यावरून घसरून नाक्यावर आदळली. तिच्यांतील माणसें प्राणांस मुकलीं. तो प्रसंग नाक्यावरील कॅमेऱ्यानें टिपला आणि देशभर पाहिला गेला. गाडी येतांना दिसतांच नाक्यावरचीं माणसें मार्गिकेंतील अडथळे उचलण्यासाठीं धांवत होतीं. त्यांची धडपड वाट देण्याचीच होती. अपघाताचीं सर्व कारणें तोलण्याचें काम माझें नाहीं; पण इतकें म्हणतां येईल कीं, जी वाट आयत्या वेळीं मोकळी करावी लागते, ती मोकळी नव्हतीच. आपत्कालीन मार्गिका ही उघडावयाची नसते. ती उघडी असावी लागते.

आतां ‘कामगिरीवर’ या शब्दाकडे पुन्हां येऊं, कारण सर्व वाद तेथेंच उत्पन्न होतात. रोगी पोंचवून रिकामी परतणारी रुग्णवाहिका कामगिरीवर आहे कीं नाहीं? माझ्या मतें आहे. आग विझवून ठाण्याकडे परतणारा बंब हा पुढच्या आगीसाठीं निघालेलाच असतो; तो ठाण्यावर लवकर पोंचावा यांतच शहराचें हित आहे. त्यानें घंटा वाजवूं नये, वेग आवरावा, आपल्या पाळीनें जावें, हें मान्य. पण त्याच्याकडे पैसे मागणें योग्य नाहीं. याच्या उलट, रुग्णवाहिकेंतून लग्नाचे पाहुणे किंवा व्यापाराचा माल जात असेल, तर तिच्यावर लाल अक्षरांत कांहींहि लिहिलेलें असो, ती रुग्णवाहिका नव्हे.

अशा लबाडीचें नुकसान नाक्याच्या गल्ल्यांत मोजूं नये. तें दुसरीकडे होतें. रात्रीं दोन वाजतां खिडकींत बसलेल्या तरुणाला, समोरची गाडी खरी कीं खोटी, हें दोन क्षणांत ठरवावें लागतें. दहा खोट्यांनीं फसविल्यावर अकराव्या खऱ्या गाडीकडेहि तो संशयानें पाहतो. कागद मागतो, आंत डोकावतो. खोट्या माफीची किंमत अशा रीतीनें खरा रोगी भरतो. स्कॉटलंडांतील पत्रावर निदान अर्धा पेनीच पडला होता.

म्हणूनच मानाच्या माफीचा पसारा आवरणें हें रोग्याच्या हिताचें आहे, असें मी म्हणतों. गाडीवरील लाल दिव्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. तो दिवा इतक्या गाड्यांवर झळकूं लागला कीं, लोकांना त्याचा वीट आला. डिसेंबर २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या वापरावर मर्यादा घातली, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारनें मान्यवरांच्या गाड्यांवरील तो दिवा काढूनच टाकला. आपत्कालीन वाहनांचे दिवे मात्र राहिले. त्या निर्णयाचा खरा लाभ मान्यवरांचा रुबाब कमी झाला हा नव्हे. रस्त्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याला पुन्हां अर्थ आला, हा होय. माफीचेंहि असेंच आहे. ती जितक्या थोड्यांना, तितकी ती धारदार.

‘पण लबाडी ओळखावयाची कशी?’ असें नाक्याचे चालक विचारतील. उत्तर सोपें आहे. आधीं जाऊं द्या, मग चौकशी करा. गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो, वेळ यंत्र नोंदवितें. खोटी ठरली तर दुसऱ्या दिवशीं दामदुप्पट वसूल करा, खटला भरा. चुकून सोडलेले शंभर रुपये परत मिळवितां येतात. चुकून अडविलेलीं पांच मिनिटें परत मिळत नाहींत. लंडन शहराच्या मध्यभागांत २००३ सालीं गर्दीचा कर सुरू झाला, तो मुळांत फाटकाशिवायच. कॅमेरे क्रमांक टिपतात आणि हिशेब मागाहून होतो. रुग्णवाहिका व बंब यांना तो माफ आहे. फाटकच नसल्यामुळें तेथें माफी आणि मोकळी वाट यांत अंतरच उरत नाहीं. आपल्याकडेहि हळूहळू हेंच घडलें पाहिजे.

शेवटीं एका अशा गाडीविषयीं बोलतों, जिचा उल्लेख कोणत्याच यादींत नाहीं. आपल्या देशांत प्रत्येक रोगी रुग्णवाहिकेंतून येत नाहीं. साप चावलेला शेतकरी शेजाऱ्याच्या जीपमधून येतो. अडलेली बाळंतीण भावाच्या मोटारींतून येते. ती जीप रुग्णवाहिका नाहीं, म्हणून तिला पथकर माफ नाहीं. नसो! त्या भावाला शंभर रुपयांची माफी नकोच आहे. तो दुप्पट देईल. त्याला फक्त पुढें जावयाचें आहे. फास्टॅगच्या यंत्रानें पैसे तर आपोआप कापले जातात. मग कडेच्या मार्गिकेंतून त्याला सोडण्यास काय हरकत आहे? त्यानें दिवे उघडझांप करीत, हात बाहेर काढून सांगितलें, तर नाक्यावरील माणसानें त्याला आधीं सोडावें, आणि तशी मुभा त्याला लेखी आज्ञेनें मिळालेली असावी. पैशाची माफी न देतांहि वेळेची माफी देतां येते, हें या एका उदाहरणानें स्पष्ट व्हावें. आणि वेळेची माफी न देतां दिलेली पैशाची माफी किती पोकळ असते, हें रांगेंत अडकलेल्या रुग्णवाहिकेनें स्पष्ट केलेंच आहे.

घरोघरच्या श्रोत्यांना यांत करण्याजोगें पुष्कळ आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठीं १०८ आहे. हे दोन आंकडे घरांतील मुलांनाहि पाठ असूं द्यावे. नाक्याजवळ येतांना कडेची मार्गिका रिकामी दिसली, तर ती आपल्यासाठीं रिकामी आहे असें समजूं नये. मागून घंटेचा आवाज आला, तर पुढच्याची वाट न पाहतां आपण आधीं बाजूला व्हावें. एक जण हलला म्हणजे दहा जण हलतात. नाक्यावरच्या माणसानें रुग्णवाहिकेसाठीं आपली रांग मिनिटभर रोखली, तर भोंगा वाजवून त्याला बोल लावूं नये.

कायद्यानें पैशाची माफी केव्हांच दिलेली आहे. ती सरकारच्या हातीं होती. वेळेची माफी मात्र सरकार एकटें देऊं शकत नाहीं. ती रांगेंत उभ्या असलेल्या प्रत्येकानें आपापल्या मिनिटांतून द्यावयाची असते.